बेटावरचा पतंग 'नवीन' आहे हे कसं ठरतं?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या दोघी मैत्रिणी डिसेंबरच्या सुटीत अंदमानला गेल्या होत्या. स्वराज द्वीपावर मुक्कामाच्या जागी, व्हरांड्यातल्या दिव्याखाली त्यांना एक मेलेला पतंग मिळाला. करंगळीच्या नखाएवढा, हळदी रंगाचा, पुढच्या पंखांवर एकेक काळा ठिपका. काडेपेटीत घालून त्यांनी तो घरी आणला. ओळख सांगणाऱ्या ॲपवर फोटो टाकला, हाताशी होती ती पुस्तकं चाळली, कुठेच जुळेना. आता त्या विचारतात, 'सर, ही नवीन प्रजाती असेल का? असली तर तिचं वर्णन कसं करतात? आणि आईचं नाव देता येईल का?'

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देतो. देता येतं. फक्त नाव लॅटिन वळणाचं करावं लागतं. स्त्रीच्या नावावरून प्रजातीचं नाव करताना शेवटी 'ए' येतो, पुरुषाच्या नावावरून करताना 'ई'. आईचं नाव सुमन असेल तर 'सुमनाए'. 'सुमनी' केलंत तर तो मान एखाद्या सुमनरावांना जाईल. आईच्या नावाचा एक पतंग जगात असावा ही तुमची इच्छा मला मनापासून आवडली. पण नाव ही या कामातली अगदी शेवटची पायरी, आणि खालच्या पायऱ्या बऱ्याच आहेत.

मी तीसेक वर्षं पतंगांवर काम करतोय. गेली काही वर्षं माझा आणि दोन सहकाऱ्यांचा वेळ ग्रेट निकोबारच्या एका पतंगाने घेतला आहे. तुमच्या वर्णनावरून तुमचाही त्याच गटातला वाटतो. लिथोसिनी म्हणतात या गटाला. यांच्या अळ्या खोडांवर आणि दगडांवर वाढणारं दगडफूल आणि शेवाळ खातात. काळ्या मसाल्यात आपण घालतो त्याच जातकुळीचं दगडफूल. आमच्या पतंगाला काय नाव ठरवलंय ते इथे लिहीत नाही. कारण पुढे येईलच.

ॲपवर जुळलं नाही, याला मी फार महत्त्व देत नाही. भारतातून पतंगांच्या दहा हजारांहून जास्त प्रजातींची नोंद आहे. त्यातल्या ज्यांचे फोटो कोणी काढले आणि कोणा जाणकाराने त्यांना नाव लावलं, तेवढ्याच ॲपला ठाऊक. बाकी कित्येकांचा जिवंतपणीचा एकही फोटो कुठे नाही. त्या आहेत लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ड्रॉवरमध्ये, टाचणीवर, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी छापलेल्या चार-पाच ओळींत. तुमचा पतंगही त्या चार ओळींत आधीच बसलेला असू शकतो. माझ्याकडे 'नवीन' म्हणून आलेल्यांपैकी बहुतेक तसेच निघाले.

प्राण्यांच्या नावांचा हिशेब १७५८ पासून धरतात, म्हणजे लिनियसच्या 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीपासून. प्रजाती नवीन आहे असं म्हणणं म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत, कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत, या पतंगाला कोणीच नाव दिलेलं नाही असं ठामपणे सांगणं. त्यामुळे या कामातले बहुतेक दिवस जुने पतंग बघण्यात जातात.

आणि बेटाच्या बाबतीत कोणते जुने पतंग बघायचे, इथेच आपली मुलं चुकतात. अंदमान-निकोबार भारतात आहे, म्हणून ती भारताची पुस्तकं उघडतात आणि तिथेच थांबतात. जरा नकाशा समोर घ्या. अंदमानच्या वर म्यानमार आहे, निकोबारच्या खाली सुमात्रा. ग्रेट निकोबारपासून सुमात्रा साधारण दीडशे किलोमीटर, म्हणजे नागपूरहून अमरावती आहे तेवढंच. चेन्नई तिथून हजार किलोमीटरच्या किती तरी पुढे. खुद्द अंदमान आणि निकोबारच्या मध्येही टेन डिग्री चॅनलचं दीडशे किलोमीटर पाणी आहे. म्हणून अंदमानच्या जीवसृष्टीचं नातं म्यानमारशी जास्त, निकोबारचं सुमात्रा आणि मलायाशी जास्त. तुमचा पतंग स्वराज द्वीपावरचा असेल तर म्यानमार आणि थायलंडचे पतंग तपासल्याशिवाय 'नवीन' हा शब्द उच्चारायचा नाही. आमचा निकोबारचा, म्हणून आम्हाला सुमात्रा, मलेशिया आणि बोर्निओ धुंडाळावे लागले.

वाचायचं कुठून? फ्रेडरिक मूर यांनी १८७७ साली अंदमान-निकोबारच्या फुलपाखरं-पतंगांवर लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात मोठा लेख लिहिला. तिथून सुरुवात. मग जॉर्ज हॅम्पसन यांचे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधले पतंगांचे चार खंड, १८९२ ते १८९६. लिथोसिनी त्यातल्या दुसऱ्या, १८९४ च्या खंडात आहेत. हॅम्पसन यांनीच पुढे ब्रिटिश म्युझियमसाठी केलेल्या कॅटलॉगमध्ये, १९०० च्या खंडात, या गटाची पुन्हा तपशीलवार मांडणी केली. बोर्निओसाठी जेरेमी हॉलोवे यांच्या 'मॉथ्स ऑफ बोर्निओ'चे अठरा भाग आहेत. सुमात्रा-जावाबद्दल डच अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं, आणि त्यांचे बरेच नमुने लायडनला आहेत. जुनं साहित्य आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर घरबसल्या, फुकट वाचता येतं. माझ्या उमेदीच्या काळात एका लेखाच्या झेरॉक्ससाठी कोलकात्याला पत्र टाकून दोन-दोन महिने वाट बघायचो, त्यामुळे ही सोय मला आजही नवलाची वाटते.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. जुन्या पुस्तकातलं नाव आज त्याच नावाने सापडेल असं नाही. हॅम्पसन यांनी हे पतंग आर्क्टिइडी कुळात घातले. आज ते सगळं कुळच एरेबिडीच्या पोटात गेलंय. त्यांनी 'लिथोसिया' म्हणून एका जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या प्रजातींच्या एका गटात, ठेवलेल्या प्रजाती आता अनेक जीनसमध्ये विखुरल्या आहेत. लंडनच्या म्युझियमची जुनी कार्डं 'लेपइंडेक्स' नावाने ऑनलाइन आहेत. त्यात नावाचा माग काढत बसावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

आता पंखांवरच्या रंगाकडे येतो. तुम्ही सगळा भर त्या काळ्या ठिपक्यावर दिलाय, आणि ते साहजिक आहे. काही पतंगांत रंग-ठिपके पुरतातही. काटोल-वरुडच्या संत्राबागांत रात्री फळांना सोंड खुपसून रस पिणारे पतंग शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. त्यातल्या दोन मुख्य प्रजाती मागच्या पंखावरूनच वेगळ्या काढता येतात. युडोसिमा मटेर्नाच्या नारिंगी पंखावर गोल काळा ठिपका असतो, युडोसिमा फॅलोनियाच्या पंखावर स्वल्पविरामासारखी वळलेली जाड काळी खूण. टॉर्चच्या उजेडात शेतकरी सांगू शकतो कोणता कोणता ते.

पण स्पोडोप्टेरा लिट्युरा घ्या, सोयाबीनची पानं चाळणीसारखी करणारी तंबाखूवरची अळी. तिची आफ्रिका आणि भूमध्य समुद्राकडची बहीण आहे स्पोडोप्टेरा लिटोरॅलिस. दोघींचे पतंग शेजारी-शेजारी ठेवले तर मलाही पंखांवरून खात्रीने सांगता येणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जग त्यांना एकच समजत होतं. फरक दिसतो तो पोटाच्या टोकाला, जननेंद्रियांत. पतंगांच्या बहुतेक गटांत शेवटचा निवाडा तिथेच होतो. नर आणि मादीच्या या अवयवांची घडण प्रजातीगणिक वेगळी असते, आणि पंखांचा रंग उन्हाने, वयाने उडाला तरी ही घडण बदलत नाही.

आमच्या निकोबारच्या पतंगाचंच सांगतो. पहिला नर मिळाला तेव्हा मला तो नवाच वाटला होता. मग सुमात्राहून वर्णन झालेल्या एका प्रजातीच्या टाइपचा, म्हणजे ज्या नमुन्यावर ते नाव बांधलेलं आहे त्याचा, फोटो युरोपातल्या एका म्युझियमने पाठवला. पडद्यावर तो उघडला आणि मी गप्पच झालो. तोच रंग, तोच ठिपका, पंखांच्या कडेची तीच धुरकट पट्टी. सहकाऱ्याला म्हटलं, संपलं आपलं काम, ही निकोबारची नवी नोंद होईल, बास. तरी पोट उघडून बघायचं ठरवलं.

ते काम मी ज्या दुपारी केलं, तो मे महिना होता. नागपूरचा मे. आणि पहिली गोष्ट म्हणजे कूलर बंद करावा लागला. कूलरच्या झोतात चार मिलिमीटरचं पोट टेबलावरून कुठे उडून जाईल सांगता येत नाही. तसं गेलेलं पोट मी एकदा फरशीवर गुडघे टेकून तासभर शोधलं आहे. चिमट्याने पोट हलकेच वर उचललं की वक्षापासून सुटतं. ते काचेच्या छोट्या बाटलीत दहा टक्के केओएचमध्ये, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, टाकायचं. रात्रभर ठेवा किंवा बाटली गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं धरा. आतलं मांस-चरबी विरघळते, कवच तेवढं उरतं. मग ते पाण्यात घेऊन मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशने खवले झाडायचे. पाण्यावर पिवळी पूड तरंगते आणि खाली तपकिरी, अर्धपारदर्शक नळी राहते. टोकाकडून आतले भाग सावकाश बाहेर ओढायचे. नरात दोन्ही बाजूंना ओंजळीसारखे दोन झडप, मध्ये वर वाकलेला आकडा, आणि या सगळ्यांच्या मधोमध एडीगस, म्हणजे लिंगाची नळी.

लिथोसिनींमध्ये खरी गंमत त्या नळीच्या आत असते. आत एक पातळ पिशवी उलटी घडी होऊन बसलेली असते, तिला वेसिका म्हणतात. इन्सुलिनच्या सिरिंजने पाणी, मग अल्कोहोल हळूहळू आत ढकललं की ती पिशवी बाहेर फुगते, रबरी हातमोज्याचं आत गेलेलं बोट फुंकर मारून बाहेर यावं तशी. जोर जास्त झाला की फाटते, आणि मग त्या नराचा पुरावा गेला. सुमात्राच्या टाइपच्या स्लाइडमध्ये त्या पिशवीवर एकच जाड काटा होता, बाभळीच्या काट्यासारखा. आमच्या नराची पिशवी फुगली तेव्हा तिथे काटा नव्हता. बारीक काट्यांची जुडी होती. पावसाळ्यानंतर माळावरून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात ना, अगदी तशी. मी ते तीनदा पाहिलं, सहकाऱ्याला बोलावून दाखवलं, आणि मगच खुर्चीला पाठ टेकली.

तुम्हालाही हे शिकावंच लागेल. शिकायला अंदमानचा पतंग घेऊ नका. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आपापल्या गच्चीवर पांढरी चादर टांगून दिवा लावा, अमावस्येच्या आसपास. नागपुरात एका रात्रीत चादरीवर इतके पतंग बसतात की वर्षभर सराव पुरेल. निदान पन्नास पोटं उघडल्याशिवाय हात बसत नाही. आणि बर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या शिंप्याच्या टाचण्या वापरू नका, त्या पतंगाच्या अंगात गंजतात. स्टेनलेस स्टीलच्या कीटकांच्या पिना मागवा.

बाटलीवर आणि पतंगाच्या लेबलवर एकच क्रमांक लगेच लिहा. लगेच म्हणजे पोट तोडण्याआधी. सुरुवातीच्या काळात मी दोन बाटल्या बिनक्रमांकाच्या ठेवल्या. चहा घ्यायला उठलो आणि परत आलो तेव्हा कोणतं पोट कोणाचं हे सांगता येईना. रंगाने दोन्ही पतंग सारखे होते, म्हणूनच तर पोटं उघडली होती. वर्षभराचं लिखाण त्यापायी बाजूला ठेवावं लागलं. आजही त्याची रुखरुख वाटते.

एका नमुन्यावर नवीन प्रजाती लिहायला नियमांची आडकाठी नाही. पुष्कळांनी तसं केलंही आहे. मी करत नाही, आणि तुम्हीही करू नये असं मला वाटतं. बेटावर तर मुळीच नाही. चार-दोन भरकटलेल्या पतंगांपासून एखाद्या बेटावरची सगळी वस्ती वाढलेली असू शकते. तसं झालं की रंग, आकार, ठिपके मूळ वस्तीपासून थोडे सरकतात. हा सरकलेला रंग म्हणजे वेगळी प्रजाती, की त्याच प्रजातीची बेटावरची वस्ती? एकच पतंग हातात असताना हे सांगता येत नाही. एकाच बेटावरच्या पतंगांत आपापसात किती फरक आहे ते कळायला पाच-दहा तरी हवेत, नर आणि मादी दोन्ही. आम्हाला पहिल्या खेपेला एकच नर मिळाला होता. पुढच्या वर्षी परवानगी काढून पुन्हा गेलो, तेव्हा नऊ रात्रींत आणखी चार मिळाले, त्यात दोन माद्या. त्या माद्यांनी आमचं म्हणणं पक्कं केलं, कारण मादीच्या पोटातली नळीही सुमात्राच्या मादीहून वेगळी निघाली. नराची किल्ली बदलली तसं मादीचं कुलूपही बदललेलं होतं.

बेटं पतंगांना किती लांब नेऊन सोडतात याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतो. हवाई बेटांवर हायपोस्मोकोमा नावाचा एक जीनस आहे. एका पूर्वजापासून तिथे त्याच्या साडेतीनशेहून जास्त प्रजाती झाल्या. २००५ मध्ये त्यातल्या एकीच्या अळीची माहिती प्रसिद्ध झाली. ती जिवंत गोगलगायीला रेशमाच्या धाग्यांनी पानाला बांधून टाकते आणि मग खाते. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्या म्हणजे पानं कुरतडणाऱ्या, असं आपण वर्गात शिकवतो. बेटावरचा साधा दिसणारा पतंग मी हलक्यात घेत नाही तो यामुळे.

डीएनएचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचाराल. पतंगाचा एक पाय पुरतो. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात, त्याला बारकोड म्हणतात. २००३ पासून ही पद्धत रूढ झाली आणि तिचा फार उपयोग होतो, विशेषतः नर-मादी दिसायला वेगळे असले की त्यांची जोडी लावायला. पण 'दोन टक्के फरक म्हणजे नवीन प्रजाती' असं कोणी सांगितलं तर ते मानू नका. हे जनुक फक्त आईकडून येतं. वोल्बाकिया नावाचे जिवाणू कीटकांच्या पेशींत राहतात आणि तेही आईकडूनच उतरतात, त्यामुळे हा हिशेब चुकू शकतो. बेटावरची एकटी पडलेली वस्ती नुसत्या काळाच्या ओघानेही थोडी वेगळी दिसते. पोटातला पुरावा, पंख आणि डीएनए तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर पुढे जायचं.

आता लेबल. मी विद्यार्थ्यांच्या मागे सगळ्यात जास्त लागतो तो यासाठी. पतंग कितीही सुंदर असो, लेबल नसेल तर तो शोभेची वस्तू आहे. आणि खोटं लेबल तर नसलेल्या लेबलपेक्षा वाईट. आपल्या रानपिंगळ्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी या घुबडाचं वर्णन केलं, १८८४ नंतर शंभरहून जास्त वर्षं तो कोणाला दिसला नाही. मध्ये एकच नोंद होती, कर्नल माइनर्ट्झहागन यांच्या नावावरची, १९१४ ची, गुजरातमधल्या मांडवीची. लोक तिथे शोधत राहिले. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी म्युझियममधला तो पक्षी बारकाईने तपासला, तेव्हा तो दुसऱ्याच्या संग्रहातून चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावलेला निघाला. ती नोंद बाद केली, जुन्या खऱ्या लेबलांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांच्या गटाला शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढे आपल्या मेळघाटातही तो सापडला. कागदाच्या एका चिठोऱ्याने अख्ख्या शोधाची दिशा चुकवली होती.

तुमच्या लेबलवर बेटाचं नाव, जागेचं नाव, चार दशांशांपर्यंत अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कसा मिळाला आणि कोणाला मिळाला एवढं हवं. गावाचं नुसतं नाव पुरत नाही. हॅवलॉकचं स्वराज द्वीप २०१८ मध्ये झालं, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम २०२४ मध्ये. शंभर वर्षांनी तुमचं लेबल वाचणाऱ्याला अक्षांश-रेखांश कामी येतील. पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या शाईने लिहा, बॉलपेनने नको.

परवानगीचं स्पष्ट बोलतो. व्हरांड्यात मेलेला पतंग उचलला यात तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. पण याच पतंगावर शोधनिबंध लिहायचा विचार करू नका. बेटांवर नमुने गोळा करायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, निकोबारमध्ये तर जायलाच वेगळा परवाना लागतो. चांगली जर्नल्स परवान्याचा क्रमांक मागतात, आणि मागायलाच हवा. तुमच्या पतंगाचा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही: तिथे काय शोधायचं हे त्याने दाखवलं. ते घेऊन मार्गदर्शकांकडे जा, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या बेटांवरच्या केंद्राशी पत्रव्यवहार करा, त्यांच्यासोबत रीतसर जा. जैवविविधता कायदा, २००२ च्या ३९ व्या कलमानुसार नवीन प्रजाती सापडली तर नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी अशी मुख्य संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. पतंगाचा मोह सुटत नाही हे मी जाणतो, पण होलोटाइप घरच्या कपाटात ठेवायचा नसतो. त्यावर संशय घेणाऱ्या कोणालाही तो पन्नास वर्षांनी पुन्हा बघता आला पाहिजे.

होलोटाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलं जातं तो. १९९९ नंतरच्या नावांना तो ठरवून सांगणं आणि तो कुठे ठेवला ते लिहिणं सक्तीचं आहे. त्याला लाल लेबल लावायची रीत आहे. आमच्या पाचांपैकी ज्याची वेसिका नीट फुगली तो नर आम्ही होलोटाइप निवडला, बाकीचे चार पॅराटाइप, म्हणजे वर्णनात त्याच्यासोबत धरलेले नमुने. सगळ्यात देखणा नमुना मादीचा होता, पण या गटात तुलना नरांवर चालते.

लिहिताना सगळ्यात जास्त वेळ 'डायग्नोसिस' या भागाला द्या. हा पतंग त्याच्या सगळ्यात जवळच्या प्रजातींपासून नेमका कशाने वेगळा, हे त्यात सांगायचं असतं. नवखी मुलं दोन पानं रंगांचं वर्णन लिहितात आणि हा भाग दोन ओळींत उरकतात. उलट करा. आमचा तो परिच्छेद मी किमान वीस वेळा लिहिला असेल. चित्रं भरपूर द्या: पंख वरून आणि खालून, नर-मादीचे अवयव, आणि शेजारी त्या जवळच्या प्रजातीचे तेच अवयव, त्याच कोनातून.

निबंध झूटॅक्सा किंवा जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सासारख्या, समीक्षकांकडून नीट तपासून घेणाऱ्या जर्नलला पाठवा. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, असे ईमेल तुम्हालाही येतील. त्यांच्याकडे जाऊ नका. असं घाईने छापलेलं नाव पुढच्या सगळ्यांना निस्तरत बसावं लागतं. फक्त ऑनलाइन निघणाऱ्या जर्नलमधलं नाव २०१२ पासून ग्राह्य धरतात, पण त्यासाठी निबंधाची झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी लागते आणि ती निबंधात दाखवावी लागते. आणि तोवर नाव कुठेही बाहेर सोडायचं नाही. वर्तमानपत्रात, परिषदेच्या सारांशात, मित्रांच्या ग्रुपवर, कुठेही नाही. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला नियमांत काही किंमत नसते, आणि तेच नाव दुसऱ्या कोणी वर्णनासकट आधी छापलं तर श्रेयही त्याचं. आमच्या पतंगाचं नाव मी वर लिहिलं नाही ते यासाठीच. निबंध सध्या समीक्षकांकडे आहे.

हे सगळं सावकाशीचं काम आहे आणि ग्रेट निकोबारकडे सावकाशी उरलेली नाही, याची मला काळजी वाटते. तिथल्या बंदर-विमानतळ-नगर प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळतं करायला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. आम्ही ज्या भागात चादर लावली तिथला एक ओढा त्या नकाशात येतो. नाव नसलेला पतंग कुठल्याच यादीत येत नाही, अहवालात त्याची ओळ नसते, आणि तो गेला तर गेल्याची नोंदही होत नाही. म्हणून तुमच्यासारख्या मुली या कामाला लागाव्यात असं मला फार वाटतं.

तर आत्ता करण्यासारखं एवढंच. काडेपेटी आज उघडा, हवेशीर सावलीत अर्धा दिवस ठेवा, बुरशी आली आहे का बघा. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत टिश्यूवर पतंग ठेवा, कापूस नको, त्याच्या तंतूंत पाय अडकून तुटतात. कोपऱ्यात डांबराची गोळी कागदात गुंडाळून ठेवा. दोघींनी बसून तारीख, वेळ, जागा जशी आठवेल तशी आजच लिहून काढा. फोनमधल्या फोटोंत जागेचे अक्षांश-रेखांश असतील, ते उतरवून घ्या. आणि एक फोटो मला बाजूने, जवळून काढून पाठवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पंख मिटलेले आहेत, खालचं काही दिसत नाही. व्हरांड्यातल्या मेलेल्या पतंगाचं मुंग्या आधी पोटच नेतात. ते जागेवर आहे का, तेवढं बघून कळवा.